गाडीच्या रंगासाठी पॉलिश आणि सीलंट : मी काय निवडतो, कसे लावतो

रात्री अंधारात गाडीच्या बॉनेटवर टॉर्चचा झोत टाकला की दिवसा न दिसणारे बरेच काही दिसू लागते. झोताभोवती केसाहून बारीक चऱ्यांची वलये उमटतात, जणू कोळ्याने नेमके त्या दिव्याभोवतीच जाळे विणले आहे, आणि टॉर्च वीतभर बाजूला सरकवली की जाळेही तिच्याबरोबर सरकते. म्हणजे चरे मुळात गोल नसतातच. ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात; त्यांपैकी जे झोताला आडवे पडतात तेवढेच चमकतात आणि आपल्याला वर्तुळाचा भास होतो. मला हे बरेच उशिरा कळले. तोपर्यंत गोल गोल हात फिरवून पुसल्यामुळे हे होते, असे समजून मी वर्ष-दीड वर्ष निष्ठेने सरळ रेषेत गाडी पुसत होतो. फडक्यात धूळ तीच असल्यामुळे चरेही तेवढेच पडत होते.

हे जाळे घालवण्यासाठी मी पहिल्यांदा जी बाटली आणली, तिच्यावर पॉलिश, वॅक्स आणि संरक्षण असे तिन्ही शब्द एकाखाली एक छापलेले होते. हाताने लावले, पुसले आणि गाडी अशी काही उजळली की शेजाऱ्यांनी थांबून पाहावे. तीन आठवड्यांत दोनदा गाडी धुतली आणि जाळे जिथल्या तिथे परत आले. कारण साधे होते. त्या बाटलीतील तेलकट आणि मेणचट द्रव्यांनी चरे बुजवले होते. रंगाचा पृष्ठभाग जसाच्या तसा होता. अशा पातळ थराने चरा तात्पुरता भरून येतो, प्रकाश त्यावरून सरळ परततो आणि शॅम्पूने तो थर निघाला की मूळ स्थिती उघडी पडते. गाडी विकायला काढणाऱ्याला तेवढे पुरेसे असते, पण ती वापरायची असेल तर अशा उत्पादनाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधीच समजलेले बरे.

बाटल्यांवरील शब्दांनी सर्वांत मोठा घोळ केला आहे तो इथेच. पॉलिश आणि सीलंट ही एकाच कामाची दोन नावे असल्यासारखी वापरली जातात. प्रत्यक्षात त्यांची कामे एकमेकांच्या उलट आहेत. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात आणि ते रंगाचा वरचा थर किंचित खरवडून चऱ्याच्या तळापर्यंतचा भाग सपाट करतात. सीलंट काहीच खरवडत नाही. ते त्या सपाट झालेल्या पृष्ठभागावर स्वतःचा एक पातळ थर ठेवते आणि काही महिन्यांनी झिजून जाते. पॉलिश करताना आपण गाडीचा रंग खर्च करत असतो आणि तो परत येत नाही. सीलंट लावताना आपण बाटलीतले द्रव्य खर्च करतो आणि ते पुन्हा लावता येते. माझे पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर उभे आहेत : पॉलिश जमेल तितके कमी, सीलंट नियमित.

खर्च करायला हाताशी किती आहे, हे आकड्यांत पाहिले की हात आपोआप आवरता येतो. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला चिकटलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर आपण ज्या थरावर मशीन चालवतो तो त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. सौम्य पॉलिशची एक फेरी मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी उडवते; मशीनला लावायच्या गादीवर, म्हणजे पॅडवर, तीही कडक, कंपाउंड हे जास्त घासणारे पॉलिश घेतले तर दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. शिवाय पूर्ण क्लिअर कोट उडेपर्यंत आपल्याला मोकळीक असते असेही नाही, कारण सूर्याच्या अतिनील किरणांपासून बेस कोटला वाचवण्याचे काम याच थराकडे असते आणि तो फार पातळ झाला की काही काळाने ठिकठिकाणी निकामी होऊन पापुद्रे सुटू लागतात. एकदा पापुद्रे सुटले की कोणतेही पॉलिश कामाचे नाही, तिथे नव्याने रंगच द्यावा लागतो.

जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते आणि जुनी गाडी हाती आली असेल तर मी ते आधी फिरवतो. मात्र ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर साधे यंत्र आकडाच दाखवत नाही, कारण त्याला खाली धातू लागतो. तरीही त्याचा उपयोग होतो. सगळीकडे १२० च्या आसपास आकडे असताना एका दरवाजावर २८० आला, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे हे कळते, आणि आकडा हजाराच्या वर गेला तर रंगाखाली पुट्टी आहे असे समजावे. उलट एखाद्या पत्र्यावर आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल, तर आपल्याआधी कुणीतरी तिथे सढळ हाताने रबिंग केलेले असते. अशा ठिकाणी मी मशीन लावतच नाही.

आता निवडीबद्दल. चरा किती खोल आहे, हे नखाने कळते. नख आडवे फिरवले आणि ते चऱ्यात अडकले, तर तो पॉलिशने जाणार नाही. त्याच्या कडा थोड्या गोलसर करून तो कमी दिसेल इतकेच करता येते. नख अडकत नसेल, तर पॉलिशचे काम आहे. त्यातही कंपाउंड, मधले पॉलिश आणि शेवटचे फिनिशिंग पॉलिश असे प्रकार असतात, पण निव्वळ बाटलीवरून काही ठरत नाही. तेच द्रव्य मऊ फोमच्या पॅडवर सौम्य वागते आणि मायक्रोफायबरच्या किंवा लोकरीच्या पॅडवर आक्रमक होते. त्यात भर म्हणजे काही गाड्यांचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा इतका कठीण की फिनिशिंग पॉलिशने त्यावर काहीही फरक पडत नाही. म्हणून मी बॉनेटवर टेप लावून दोन वितींचा एक चौकोन आखतो आणि जवळच्या सर्वांत सौम्य पॅड-पॉलिशच्या जोडीने सुरुवात करतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर टॉर्चखाली पुरेसा फरक दिसला नाही, तर आधी पॅड बदलतो आणि मग पॉलिश. या चौकोनात जे जमले तेच सगळ्या गाडीवर. अर्धा तास जातो, पण चुकून सगळी गाडी कंपाउंडने घासण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

पॉलिशमधील कणांचेही दोन स्वभाव आहेत. काही कण घासताना तुटत तुटत बारीक होतात. ते पूर्ण फिरवावे लागतात, अर्ध्यावर थांबलो तर पृष्ठभागावर धुरकट छटा राहते. काही कण शेवटपर्यंत त्याच आकाराचे राहतात. तिथे कधी थांबायचे ते आपण ठरवतो. कोणते कोणत्या प्रकारचे आहे, हे उत्पादनाच्या माहितीपत्रकात बहुधा दिलेले असते आणि ते वाचण्याचा कंटाळा मी आता करत नाही.

हाताने पॉलिश करता येते, पण दरवाजाच्या मुठीमागची खोबण किंवा एखादा सुटा डाग एवढ्यापुरतेच. सबंध गाडीसाठी मशीन हवे, आणि नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. रोटरी मशीन एकाच आसाभोवती फिरते, उष्णता एका जागी साठवते आणि काम झपाट्याने करते. चूकही तितक्याच झपाट्याने करते. मी एकदा मित्राचे रोटरी मागून आणले होते. दरवाजाच्या मागच्या कडेवर टेप लावायचा राहिला, तिथे पॅड जेमतेम दोन-तीन सेकंद थांबले असेल आणि पॅडवर गाडीचाच निळा रंग दिसला. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग लागणे म्हणजे वरचा थर संपल्याची वर्दी. काय झाले हे समजून हात मागे घेईपर्यंत कडेवर नखाएवढा राखाडी प्रायमर उघडा पडला होता. कडांवर आणि पत्र्याच्या उठावदार रेघांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तेवढ्याच चिंचोळ्या जागी पडतो, म्हणून तिथे टेप हवाच. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांवर मात्र पॅडला रंग लागणे स्वाभाविक असते. तिथे घाबरण्याचे कारण नाही.

ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये पॅड फिरता फिरता थरथरतही असते, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. त्याची अडचण उलटी आहे : जास्त दाबले किंवा पॅड तिरके धरले की फिरणे थांबते आणि नुसती थरथर उरते. ती वरून ओळखू येत नाही. मी पॅडमागच्या चकतीच्या कडेवर काळ्या मार्करने एक ठळक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ गरगरताना दिसते तोवर काम चालू आहे. ती एका जागी थरथरू लागली की हात हलका करायचा.

परंतु मशीन हातात घेण्याआधीचे काम जास्त महत्त्वाचे आहे, आणि कंटाळवाणेही. गाडी शॅम्पूने धुवून कोरडी केली की ती स्वच्छ दिसते. मग हातात प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून बोटांची टोके बॉनेटवरून हलकेच फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून बारीक सँडपेपरसारखा खरखरीत लागतो, कारण ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक असे पुष्कळ काही क्लिअर कोटमध्ये रुतून बसलेले असते. तसेच मशीन चालवले तर यातील कण सुटून पॅडखाली येतात आणि आपण चरे घालवता घालवता नवे पाडतो. लोखंडाच्या कणांसाठी रसायनाचा फवारा मिळतो. तो मारल्यावर दोन-चार मिनिटांत पांढऱ्या दरवाजावरून जांभळे ओघळ वाहू लागतात आणि सडलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवावा. डांबरासाठी वेगळे द्रावण असते. त्यानंतर उरलेल्यासाठी क्ले बार. हा मळलेल्या मातीच्या गोळ्यासारखा असतो. पत्रा शॅम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवून तो बिनदाबाचा पुढे-मागे फिरवायचा आणि मळला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर आणायची. गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्यावा, धुवून वापरू नये. त्यात रुतलेला एक वाळूचा कण पुढच्या सबंध पत्र्यावर रेघ ओढतो. क्लेनेही बारीक चरे पडू शकतात, म्हणून ज्या दिवशी पॉलिश करायचे नाही त्या दिवशी मी क्ले हातात घेत नाही.

पॉलिश सावलीत आणि थंड पत्र्यावर करावे. तळहाताची मागची बाजू टेकवून पाहिली की पत्रा तापलेला आहे का ते लगेच समजते. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबर टेपने झाकावेत, नाहीतर त्यांत शिरलेले पांढरे पॉलिश वाळल्यावर आठवडाभर ब्रशने काढत बसावे लागते. पॅडवर नखाएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी मशीन बंद ठेवूनच ते पत्र्यावर टेकवत पसरवावेत, मग कमी वेगावर एक फेरी, आणि त्यानंतर वेग वाढवून दोन वितींच्या चौकोनात आधी आडव्या आणि मग उभ्या फेऱ्या घालाव्यात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला असावा आणि हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा वेगाने जाऊ नये. घाईने फिरवलेले मशीन काम केल्यासारखे दिसते, इतकेच. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडून घ्यावे, कारण उडालेला क्लिअर कोट आणि वाळलेले पॉलिश त्यातच साठते. एका गाडीला दोन पॅड पुरत नाहीत, हे मी अनुभवाने शिकलो. पाच-सहा हाताशी असावीत.

पुसण्याच्या फडक्याकडे दुर्लक्ष करू नये. नवीन मायक्रोफायबर आणले की मी जुन्या सीडीच्या चकाकत्या बाजूवर ते दाबून फिरवतो. तिथे रेघा उमटल्या तर ते फडके चाकांसाठी. कडेची कडक शिवण आणि लेबलही चरे पाडतात, त्यामुळे लेबल आधी कापावे आणि शक्यतो बिनशिवणीची फडकी घ्यावीत. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरले तर धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि फडके पुसण्याऐवजी नुसते पसरवू लागते.

पॉलिश पूर्ण झाले की मी पाण्यात साधारण १५ ते २५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पत्रा हलकेच पुसतो. याची दोन कारणे आहेत. पॉलिशमधील तेल निघून जाते आणि सीलंटला थेट रंगावर बसता येते. शिवाय बुजवलेले चरे उघडे पडतात आणि आपण खरोखर काय साधले ते टॉर्चखाली प्रामाणिकपणे दिसते. पहिल्यांदा हे केले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जाळे परत दिसले होते आणि मनस्ताप झाला होता. आता मी शंभर टक्के चरे घालवण्याच्या मागे लागत नाही. ऐंशी टक्के गेले की गाडी दहा पावलांवरून निर्दोष दिसते आणि उरलेल्या वीस टक्क्यांसाठी लागणारे मायक्रॉन गाडीवरच राहतात.

सीलंटच्या बाजूला पर्याय तीन. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरून मिळणारे मेण. नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण मानले जाते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. डबीतील वॅक्समध्ये मात्र त्याच्याबरोबर मऊ मेणे आणि तेले मिसळलेली असतात, त्यामुळे उन्हात तापणाऱ्या गडद रंगाच्या बॉनेटवर ते काही आठवडे टिकते, फार तर दोन महिने. झळाळी सुंदर येते, यात वाद नाही. दुसरा पर्याय कृत्रिम पॉलिमरचे सीलंट, ज्यात बहुधा रंगाला धरून राहणारी सिलिकॉनची संयुगे असतात. ते चार ते सहा महिने काम देते. तिसरा सेरॅमिक कोटिंग : सिलिकावर आधारित द्रव्य हवेतील आर्द्रतेशी अभिक्रिया करून काचेसारखा कठीण थर बनवते. तो वर्ष, दोन वर्षे किंवा अधिक टिकतो, पण जाडीला मायक्रॉनच्या आसपासच असतो. त्याच्या जाहिरातीतील ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कसोटीतील आहे, म्हणजे ९एच पेन्सिलने त्या थरावर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या काठिण्याच्या ज्या श्रेणीत हिरा दहाव्या क्रमांकावर आहे तिच्याशी त्याचा संबंध नाही. कोटिंग केलेल्या गाडीवरही धुळकट फडके फिरवले की चरे पडतात. टेफ्लॉन कोटिंग म्हणून जे विकले जाते त्याबद्दल एकच सांगतो : टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई ३२७ अंशांना वितळते, तव्यावर ते त्याहून अधिक तापमानाला भाजून बसवतात, आणि गाडीच्या रंगाला ती उष्णता देणे अशक्य आहे.

मी पॉलिमर सीलंट वापरतो. कारण त्यातील चुका माफ होतात. कोटिंगचा एखादा थर नीट पुसला गेला नाही तर तिथे इंद्रधनुषी किंवा गडद डाग वाळून बसतो आणि तो घालवायला पुन्हा पॉलिशच करावे लागते, म्हणजे पुन्हा मायक्रॉन गेले. सीलंटचा डाग त्याच सीलंटच्या ओल्या फडक्याने निघतो. ज्याच्याकडे धूळ नसलेली बंद जागा, चांगला दिवा आणि दोन मोकळे दिवस आहेत त्याने कोटिंग जरूर करावे. मला या तिन्ही गोष्टी एका वेळी कधी मिळालेल्या नाहीत.

सीलंट लावताना थर जितका पातळ तितका चांगला. पत्र्यावर पांढरा लेप दिसू लागला तर ते जास्त झाले. तिरक्या प्रकाशात जेमतेम धुक्यासारखी छटा दिसावी. रंगाला चिकटतो तो अगदी तळाचा थर, वरचे सगळे शेवटी फडक्यातच जाते. मग थांबायचे. किती वेळ, हे घड्याळापेक्षा बोट चांगले सांगते : एका कोपऱ्यावर बोट हलकेच ओढले आणि मागे स्वच्छ चकाकती रेघ उरली तर ते पुसायला तयार आहे, तेलासारखे फरफटले तर अजून वेळ आहे. कोरड्या हवेत पंधरा मिनिटे, दमट हवेत तासभरही लागतो. एका फडक्याने मोठा भाग उचलावा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने चकाकी आणावी. दुसरा हात बारा ते चोवीस तासांनी द्यावा. तो जाडी वाढवण्यासाठी नसतो, पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरण्यासाठी असतो. या काळात गाडीवर पाणी पडू देऊ नये. वर वॅक्स लावायची हौस असेल तर ते सीलंटनंतर लावावे. आधी लावले तर सीलंट मेणावर बसेल आणि मेणाबरोबरच निघून जाईल.

नव्याने रंगवलेल्या भागावर सीलंटची घाई करू नये, कारण रंगातील द्रावक हळूहळू बाहेर पडत असतात. रंगवणाऱ्याने दुसरे काही सांगितले नसेल तर एक ते तीन महिने थांबावे. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावूच नये, घासलेल्या जागी चकाकते चट्टे पडतात आणि ते परतवता येत नाहीत.

पुढे सीलंट शिल्लक आहे की संपले, हे पाण्याच्या थेंबांवरून ओळखतात. टपोरे गोल थेंब दिसतात तोवर ठीक, असे मीही मानत असे. पण धुळीचा किंवा शॅम्पूच्या अंशाचा थर वर बसला तरी थेंब पसरट होतात, आणि एकदा नीट धुतले की पूर्ववत गोल उभे राहतात. म्हणून मी आधी गाडी धुतो आणि मग निकाल देतो. गोल थेंबांचाही एक तोटा आहे. ते तसेच उन्हात वाळले तर पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार एका जागी गोळा होऊन पांढरी वर्तुळे उमटतात. ताजी असताना ती पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून पुसली तर निघतात, जुनी झाली की रंगात खड्डा करतात. त्यामुळे धुतल्यावर गाडी पुसून कोरडी करणे आलेच, आणि धुताना दोन बादल्या : एकीत शॅम्पू, दुसरीत नुसते पाणी, ज्यात हातमोजा प्रत्येक वेळी आधी खळबळून घ्यायचा. काम संपल्यावर या दुसऱ्या बादलीचा तळ एकदा हाताने चाचपावा. तिथे लागणारी रेती एरवी बॉनेटवर फिरली असती.

सीलंटला सगळ्यांत जड जाते ती पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेल्या पत्र्यावर वाळताना खालच्या क्लिअर कोटलाही धरून आकसते. उन्हात काही तासही तिला पुरतात. सीलंटमुळे थोडा वेळ मिळतो, अभय मिळत नाही. कोरडी विष्ठा घासून काढणे हा तर चरे पाडण्याचा हमखास मार्ग आहे. मी डिकीत पाण्याची एक स्प्रे बाटली आणि दोन स्वच्छ फडकी ठेवतो. ओले फडके डागावर पाच मिनिटे पसरून ठेवतो आणि मऊ झालेले सगळे न घासता उचलून घेतो.